दस्ती टाकलेली जागा

झरीच्या शेतात आगटी पेटली की मला लिंबाचा वास येतो. हुरड्याच्या दिवसांत लोकांना गोवऱ्यांच्या धुराचा येतो, भाजल्या कणसाचा येतो, नव्या गुळाचा येतो. मला मेलीला लिंबाचा येतो. आज सकाळीही तेच झालं. थोरल्या भाऊजींनी खड्डा केला, गोवऱ्या रचल्या, कोवळी कणसं आरात खुपसली. पहिलं कणीस चोळून माझ्या हातावर गरम हिरवे दाणे पडले, तोवर नाकात लिंबू शिरलेलं होतं. मी आक्कांकडे पाहिलं. त्या शेंगदाण्याची चटणी वाढत होत्या आणि गालातल्या गालात हसत होत्या. त्यांनाही येत असणार.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या आणि भाऊजी झरीला, शेतावर. आम्ही परभणीला, कारण मी शाळेत शिक्षिका होते आणि रिटायर झाल्यावरही तिथून हललो नाही. लिंबू आहे ते मागच्या हुरड्याचं. मागच्या वर्षीचा सगळा हंगाम आम्ही दोघी जावांनी एका दिवसाच्या तयारीत घालवला. तो दिवस इटलीतल्या एका बेटावर काढायचा होता. आणि आक्कांना गाडी लागते.

लागते म्हणजे किती लागते, हे नव्या माणसाला सांगून खरं वाटत नाही. एस.टी.चा नुसता हॉर्न ऐकला तरी त्यांच्या तोंडाला पाणी सुटतं, आणि ते चांगलं पाणी नसतं. बैलगाडी चालते. ट्रॅक्टर चालतो. भाऊजींच्या मोटरसायकलवर मागे बसून त्या परभणीपर्यंत बाजाराला येतात आणि वर भाऊजींना हळू चालवता म्हणून बोलतात. पण डोक्यावर छप्पर आलं आणि काच लागली की संपलं. बहिणीच्या पोराचं बारसं, भावाची वास्तुशांत, सगळं ह्या छपरापायी हुकलं. माहेरचे लोक त्यांना गर्विष्ठ समजतात. बिचाऱ्यांना काय माहीत, ही बाई गर्वानं नाही, जिंतूरच्या अलीकडच्या वळणानं हरते.

आणि सगळ्यात मोठं हुकलं ते पल्लवीचं लग्न.

पल्लवी माझी मुलगी, पण म्हणायला. ती दूधपिती होती तेव्हा माझी बदली अशा गावाला झाली होती की पावसाळ्यात शाळाच चिखलातून शोधावी लागायची. म्हणून शाळेत जायच्या वयापर्यंत ती झरीला, आक्कांच्या कडेवर. आक्कांना मोठीआई म्हणायची. माझ्याकडे राहायला आली तेव्हा पहिले काही दिवस मला मॅडम म्हणत होती, माझ्या वर्गातल्या पोरांचं ऐकून. मी रडले होते, आक्का पोट धरून हसल्या होत्या. तर ह्या पल्लवीनं फ्रॉकमध्ये असतानाच ठरवून टाकलं होतं की आपल्या लग्नात पाठवणीची ओटी मोठीआईनंच भरायची. आक्कांनीही त्यासाठी हिरवा खण आणून ठेवला.

लग्न होतं पुण्यात. मी आणि पल्लवी आधीच तिकडे गेलेलो. वऱ्हाडाची बस झरीहून दिवस मावळायला निघाली, आणि देवगाव फाट्यापर्यंत आक्कांची अशी काही गत झाली की ड्रायव्हरनंच बस बाजूला घेतली. आक्का उतरल्या. त्यांना धरून भाऊजी उतरले. आक्का फाट्यावरच्या हॉटेलाच्या बाकड्यावर बसल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "तुमी चला. मुहूर्त हुकंल." दुसऱ्या दिवशी अक्षता पडत होत्या आणि माझी पोर अंतरपाटाकडे बघायचं सोडून मंगल कार्यालयाच्या दाराकडे बघत होती.

पुढे परदेशी जायच्या आधी ती झरीला आली, तेव्हा ओटी भरता आली असती. पण आक्का हटून बसल्या. "मी तिच्याकडं गेले न्हाई, ती माझ्याकडं आली. ही पाठवणी न्हाई. मी माझ्या पायानं तिच्यापतुर जाईन, तवा भरीन." खण परत ट्रंकेत गेला.

पल्लवी आता इटलीत नेपल्स नावाच्या शहरात एका प्रयोगशाळेत काम करते. मागच्या वर्षी अशीच आगटी पेटलेली असताना तिचा व्हिडिओ कॉल आला. भाऊजींनी फोन कणसांच्या पाटीला टेकवून उभा केला.

"उन्हाळ्याच्या तोंडाला दोघी या," पल्लवी म्हणाली. "बाकीचे दिवस मला काम आहे. पण एक दिवस मी सुट्टी काढलीय. तो दिवस मोठीआईचा. तिला कॅप्री बेटावर नेणार."

"बेट म्हणजी?" आक्कांनी विचारलं.

"चारी बाजूंनी समुद्र, मधे जमीन."

"चारी बाजूंनी?" भाऊजी कणीस हातात ठेवून पुढं सरकले. "म्हणजी बांधाला बांध कुणाचाच न्हाई. कोरायचं म्हणलं तरी कोण कोरंल? लय सुखी लोक हायत."

आक्कांची अडचण वेगळीच होती. "तिथं आपलं कोण हाय?"

"कोणी नाही गं."

"मग कुणाकडं जायलोत?"

"कुणाकडे नाही. बघायला जायचं."

"काय बघायला?"

"समुद्र!"

"तो तर तुझ्या गॅलरीतून बी दिसतोय म्हणलीस."

पल्लवीनं कपाळावर हात मारून घेतला. मीही हसले, पण मग हसू जिरलं. खरंच, आमच्या घरात नुसतं बघायला म्हणून कोणी कधी कुठं गेलं होतं? लग्न, बारसं, मयत, दवाखाना, फार तर कोर्टाची तारीख. गाव म्हणजे त्या गावातलं माणूस. पलीकडच्या टोकाला कुणी तरी चहा ठेवलेला असल्याशिवाय आम्ही तिकीट काढत नाही. देवाला जायचो, तरी तिथं निदान देव तरी घरी असायचा. बिनओळखीच्या जमिनीकडे बघत उभं राहायचं आणि संध्याकाळी परत यायचं, ह्याला आमच्याकडे रिकामं काम म्हणतात.

पण पल्लवीनं दिवस सांगायला घेतला आणि सगळे ऐकत राहिले. आधी बोट. बोटीतून उतरलं की डोंगरावर दोरानं ओढत नेणारी छोटी रेल्वे. वर गेलं की कड्याच्या काठानं धावणारी चिमुकली बस. तिथून टेकडीच्या टोकाला जायला तारेवर टांगलेली एकेकट्याची खुर्ची. आणि शेवटी लहान होडीतून निळ्या गुहेत, जिचं तोंड इतकं बुटकं की होडीत चक्क आडवं व्हायचं.

आक्का एकेक बोट दुमडत होत्या. गुहेपाशी मूठ बंद झाली.

"एका दिसात एवढ्या गाड्या?" भाऊजी म्हणाले. "आपल्या गावात इलेक्शनला बी येत न्हाईत."

"अन् झोपून जायचं?" आक्कांचे डोळे मोठे झाले. "झोपून तर माणूस एकदाच जातंय. त्या येळेला त्याला कुणी तिकीट बी मागत न्हाई."

"मोठीआई, तू येणार की नाही एवढं सांग," पल्लवी म्हणाली. आवाज जरा ओला झाला होता.

आक्कांनी निखाऱ्यातलं कणीस उलटं केलं. "येते. ओटी बेटावरच भरीन. सुमन, मला गाडीत बसायला शिकीव."

सुमन म्हणजे मी. आयुष्यभर पोरांना पाढे शिकवले, पण हा विषय माझ्या अभ्यासक्रमात नव्हता.

तर असा आमचा हंगाम सुरू झाला. दर रविवारी सकाळी मी परभणीहून झरीला यायची, वाटीभर हुरडा खायची, आणि आम्ही दोघी फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभ्या राहायचो. माझ्या पिशवीत लिंबं, ओवा, आलेपाक, आवळासुपारी आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा. डॉक्टरांनी गोळी दिली होती. आक्कांनी ती पदराच्या गाठीत बांधून ठेवली. जवळ असली की गुण येतो असं त्यांचं म्हणणं. कोणी म्हणालं पेपरवर बसा. तीही घडी घातली. बातम्यांवर बसून आम्ही बोरीपर्यंत गेलो आणि तिथंच उतरलो. मी त्यांची पाठ चोळत होते आणि रस्त्यानं जाणारा एक म्हातारा थांबून म्हणाला, "कितवा म्हैना?" आक्कांना तशा अवस्थेतही हसू आलं.

ताडकळसच्या बाजाराचा रविवार तर विसरूच नये असा. त्या दिवशी हुरड्यावर दही खाऊन निघायची माझी अक्कल. जास्त सांगत नाही. पुढच्या सीटवरच्या माणसानं नुकताच बाजारातून नवा सदरा घेतला होता, एवढंच सांगते.

आशा सुटत चालली होती तेव्हा एका दस्तीनं दिवस पालटले. आमच्याकडे रुमालाला दस्ती म्हणतात, आणि दस्तीचा खरा उपयोग तोंड पुसणं हा नाहीच. गाडी स्टँडात शिरते न शिरते तोच खिडकीतून आत दस्ती टाकायची. जिथं पडली ती जागा आपली. मग आरामात दारातून चढायचं. ह्याला कुठं लिहिलेला कायदा नाही, पण मोडायची कुणाची हिंमत नाही. आक्कांना खिडकी पाहिजेच, म्हणून वर्षानुवर्षं गाडीत न चढताही त्यांचा नेम पक्का होता. त्या रविवारी त्यांनी दस्ती टाकली, आम्ही चढलो, आणि बघतो तर त्या दस्तीवर एक मिशीवाला खुशाल बसलेला.

"उठा," आक्का म्हणाल्या.

"नाव लिव्हलंय का जागंवर?"

झालं. आक्कांनी कमरेला पदर खोचला. दस्ती काय असती, जागा काय असती, तुमच्या मायनं तुमाला काय शिकवलं, तुमच्या गावात लोक दुसऱ्याच्या ताटावर बी बसत्यात का, असं जे सुरू झालं, मिशीवाला उठून मागे गेला तरी ते थांबेना. त्या मान मागे वळवून बोलतच होत्या. मी बाहेर पाहिलं. जिंतूरचं स्टँड आलं होतं. पिशवी कोरडी होती.

"आक्का," मी म्हणाले, "लागली नाही तुम्हाला."

"लागायला येळ कुठं व्हता?"

असं औषध सापडलं. भांडण. पण दर रविवारी मिशीवाला कुठून आणायचा? म्हणून ते काम माझ्याकडे आलं. आता दोन जावांच्या घरात भांडायला विषय कमी नसतात, पण आम्ही ते आजवर नीट झाकून ठेवले होते. त्या हंगामात एकेक बाहेर काढला. सासूबाईंची तांब्याची घागर कुणाकडे गेली. दिवाळीला माझ्या अनारशांना कुणी नाक मुरडलं. माझ्या भावाला चहा फिका कुणी दिला.

"तुमच्या पुरणपोळीत वेलदोडा नसतो," मी गाडी सुटता सुटता म्हणायची.

"वेलदोडा नसंल, पण पुरण असतंय. तुझ्या पोळीत काय असतंय? हवा!"

लोक बाजू घ्यायचे. मागच्या सीटवरून सल्ले यायचे. कंडक्टर तिकीट फाडायचं सोडून उभा राहायचा आणि उतरताना विचारायचा, "मावशी, पुढच्या ऐतवारी कोन्त्या गाडीला हायत? ड्युटी मागून घेतो." खोटं कशाला बोलू, मलाही मजा येत होती. मनात कुजत पडलेली भांडणं चालत्या गाडीत, चार लोकांसमोर, लिंबू हुंगत केली की ती फार हलकी होतात. घागर तर आम्ही दोघींनीही नेलेली नव्हती. ती नणंदेकडे निघाली.

ज्वारी निबर होत आली, हुरडा संपत आला, आणि एका रविवारी आम्ही संभाजीनगरच्या गाडीत बसलो. म्हणजे वाटेत देवगाव फाटा. आम्ही दोघींनीही त्याचं नाव घेतलं नाही. मी घागरीपासून सुरुवात केली, ती संपली होती. अनारसे झाले. फिका चहा झाला. फाटा जवळ आला आणि माझ्याकडचं सगळं सरलं. आक्कांचा चेहरा पांढरा पडायला लागला. मी पिशवी उघडली आणि घाबरून जे तोंडात आलं ते बोलून गेले.

"आणि पोरीच्या लग्नाला आला नाहीत, ते?"

 मला वाटलं, आता ही बाई इथंच उतरेल आणि पुन्हा कधी माझ्याशी बोलणार नाही. आक्का खिडकीबाहेर बघत राहिल्या. तेच हॉटेल, तोच पत्रा, तेच बाकडं.

"आले न्हाई म्हणू नको," त्या म्हणाल्या. "उतरले म्हण. यायला निघाले व्हते मी."

गाडी फाट्यावर थांबली. चार उतरले, दोन चढले. आक्कांनी दस्ती मुठीत आवळून धरली होती. मी हात धरायला गेले, तर त्यांनीच माझा हात धरला, बोटं दुखतील इतका. कंडक्टरनं बेल मारली. बाकडं मागं गेलं, पत्रा मागं गेला.

"लिंबू दे," आक्का म्हणाल्या. मी दिलं. त्यांनी हुंगलं नाही, दातानं फोडून सगळं चोखून खाल्लं. मग तोंड पुसून म्हणाल्या, "तरी तुझ्या पोळीत हवाच असती."

विमानाचं काय सांगू! विमानात आम्ही कुजबुजत भांडलो. शेजारचा गोरा माणूस थोड्या वेळानं उठून दुसरीकडे जाऊन बसला. आक्का झोपल्या त्या पार उतरेपर्यंत, आणि उतरल्यावर म्हणाल्या, "एस.टी.च्या मानानं कायच न्हाई." नेपल्सला आम्ही चार दिवस पल्लवीच्या गॅलरीत बसून समोरच्या बेटाकडे बघितलं. निळसर, उंटासारखं बसलेलं. पाचव्या दिवशी पल्लवीची सुट्टी होती. आक्का नेहमीसारख्या उजाडायच्या आत उठल्या. भाकरी थापल्या, चटणी बांधली, ओटीचं सामान पिशवीत घेतलं. नऊवारीवर पल्लवीचा लाल कोट चढवला. परतायची वेळ त्यांनी ठरवलेली होती, गुरं घरी येतात ती.

धक्क्यावर वारा असला होता की माझा चष्मा उडायला बघत होता. बोट लागलेली होती. मागच्या बाजूला उघडी जागा, तिथं बाकडी, वर छप्पर नाही. आक्कांनी ती जागा लांबूनच हेरली. माणसं रांगेत शहाण्यासारखी उभी होती. पल्लवी तिकिटं बघत होती, मी चष्मा धरून होते. आणि आक्कांनी पुढं होऊन, कठड्यावरून, दस्ती टाकली.

काय नेम! बरोब्बर काठाच्या बाकड्यावर. बोटीवरचा दाढीवाला खलाशी दस्तीकडे बघत राहिला, मग आक्कांकडे. आक्कांनी छातीवर बोट ठेवून त्याला समजावलं, की ती माझी.

तेवढ्यात भोंग्यातून कोणी काही बोललं. रांग हलली, लोक वैतागून मागे वळायला लागले. पल्लवीचा चेहरा उतरला. वारा फार आहे, समुद्र खवळलाय, आज एकही बोट जाणार नाही. उद्या तिला काम, आणि परवा आमचं विमान.

मला इतका राग आला, की वाटलं त्या समुद्राच्या सात पिढ्या काढाव्यात. घागर, अनारसे, ताडकळसचा सदरा, सगळं डोळ्यासमोरून गेलं. पल्लवी तर धक्क्यावर उभी राहून लहान पोरीसारखी हुंदके द्यायला लागली. "मोठीआई, मी एकच दिवस मागितला होता गं."

आक्कांनी तिचं तोंड पदरानं पुसलं.

"रडू नको. पल्लू, ह्या येळेला मी उतरले न्हाई. गाडीच सुटली न्हाई." मग म्हणाल्या, "मी तर आले ना तुझ्यापतुर?"

पल्लवी त्यांच्या गळ्यातच पडली. मला चष्मा काढावा लागला, आणि तो वाऱ्यानं नव्हे. मग तिथंच, धक्क्याच्या दगडावर बसवून, आक्कांनी तिची ओटी भरली. पोरीच्या अंगात जीन्स, पदर कुठला? तिनं गळ्यातला मफलर पसरला. हिरवा खण, खोबऱ्याची वाटी, झरीचे तांदूळ, हळकुंड. वाऱ्यानं मूठभर तांदूळ समुद्रात उडाले. "त्याला बी लागत असतील," आक्का म्हणाल्या आणि बाकीच्यावर हात धरला. येणारे-जाणारे थांबून बघत होते. एका म्हातारीनं टाळ्या वाजवल्या.

भाकरीचं फडकं सोडलं तेवढ्यात तो खलाशी दस्ती घेऊन आला. पल्लवी आभार मानून घ्यायला गेली, तर आक्कांनी तिचा हात मागे ओढला. खलाशाला खुणेनं सांगितलं, न्हाई, परत नेऊन ठेव. तो गोंधळला. आक्कांनी पुन्हा बोट दाखवलं, त्याच बाकड्याकडे. शेवटी तो मान हलवत गेला आणि दस्तीची नीट घडी करून, दोराखाली दाबून, होती तिथं ठेवून आला. तो परत आला तशी आक्कांनी त्याच्या हातावर चटणी-भाकर ठेवली. त्यानं खाल्ली, आणि मग पाण्याची बाटली शोधत पळाला.

कॅप्रीच्या त्या दोराच्या रेल्वेबद्दल, टांगत्या खुर्चीबद्दल मी आज कुणालाही तासभर सांगू शकते. न पाहिलेल्या गावाची इतकी माहिती मला पाहिलेल्या एकाही गावाची नाही.

आज आगटीभोवती शेजारच्या बाया जमल्या होत्या. त्यातल्या एकीनं विचारलं, "कसं व्हतं वो बेट?"

आक्का बोलायच्या आत भाऊजींनीच तोंड घातलं. "कशाचं बेट? काठावरून परत आली ती."

आक्कांनी कणीस दोन्ही तळव्यांत चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला आणि दाणे भाऊजींच्या पुढ्यात ठेवले. "परत आले न्हाई. जागा धरून आले. दस्ती टाकल्या जागंवर कुणी बसत नसतंय."

सगळ्या हसल्या. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"सुमन, ऐतवारी कोन्ती गाडी धरायची? अन् भांडायला काई तरी नवं काढून ठेव. जुनं सगळं सपलं."